नागपूरहून कोलकात्यात बिऱ्हाड : सॉल्ट लेकमधले पहिले नऊ दिवस

शुक्रवार, निघायचा दिवस

तीन महिने कोलकात्याला जायचंय हे मला जेमतेम दहा दिवस आधी कळलं. तिथल्या एका हॉस्पिटलचं बिलिंगचं सॉफ्टवेअर बदलून राहिले आहेत, काम आमच्या कंपनीकडे आहे, साइटवर एक माणूस पाहिजे होता आणि माझं नाव पुढे आलं. तीन महिने हॉटेल काही कंपनी देत नाही, म्हणून भाड्याचं घर. याआधी हैदराबादला दोन महिने असाच गेलो होतो, तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत कपडे बॅगेतूनच काढायचो अन् बॅगेतच टाकायचो, तिन्ही वेळ बाहेरचं खायचो, परत आलो तेव्हा पोट बिघडलेलं आणि तोंडावरची कळा गेलेली. म्हणून यावेळी बायकोनं आधीच बजावलं, "बॅगेत राहू नका. तीन महिने का होईना, बिऱ्हाड करून राहा." ते मला मनापासून पटलं, आणि सामान भरताना तेच डोक्यात ठेवलं. आईनं ज्वारीचं पीठ दिलं, तीनच किलो, कारण पीठ जुनं झालं की भाकर तुटते. लोखंडी तवा, जर्मनची म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची कढई, भिवापुरी तिखट, जवसाची चटणी, एक स्टीलचा डबा आणि लेकीनं काढलेलं मांजराचं चित्र.

गाडी गीतांजली. मुंबईहून सकाळी निघते, नागपूरला संध्याकाळी येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा, सुमारे ११३० किलोमीटर. ही गाडी १९७७ मधे सुरू झाली तेव्हा तिच्यात फर्स्ट क्लास नव्हताच, सगळे एकाच वर्गाचे प्रवासी, आता मात्र एसीचे डबे आहेत. माझे आजोबा मोतीबागेत रेल्वेच्या वर्कशॉपला होते, ते शेवटपर्यंत "बीएनआर"च म्हणायचे, म्हणजे बेंगाल नागपूर रेल्वे, १८८७ मधे स्थापन झालेली. नोकरी नागपुरात पण हेड ऑफिस कलकत्त्याला गार्डन रीचला, त्यामुळे आमच्या घरात कलकत्ता हा शब्द लहानपणापासून, पण आजोबा कधी गेले नाहीत, बाबाही नाहीत, पहिला मीच. गोंदिया येईपर्यंत डबा खाऊन झाला होता, रायपूर कधी गेलं कळलं नाही, सकाळी उठलो तर टाटानगर जवळ आलं होतं.

शनिवार, पहिला दिवस

हावड्याला उतरलो तर फलाटावर इतकी माणसं की दोन बॅगा घेऊन उभं राहायलाही जागा मिळेना. टॅक्सी करायचा विचार होता पण ऑफिसातल्या बंगाली सहकाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं की मेट्रोनं या, थेट येते. आणि खरंच येते! २०२५ च्या ऑगस्टपासून हावडा मैदान ते सेक्टर फाइव्ह अशी सलग मेट्रो झाली आहे, मधे सियालदा, आणि माझं स्टेशन करुणामयी. हावड्याचं मेट्रो स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर खोल आहे, एस्कलेटर संपता संपत नाहीत. गाडी सुटली आणि बोगद्याच्या भिंतीवर निळे दिवे दिसायला लागले, शेजारचा माणूस त्याच्या पोराला म्हणाला "गोंगा", म्हणजे आता आपण गंगेच्या खालून चाललोय. नदीखालचा तो टप्पा अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, पाऊण मिनिटात पार. इथले लोक हुगळीला गंगाच म्हणतात. मी काचेला नाक लावून बघत होतो, लेक सोबत पाहिजे होती असं फार वाटलं.

घर सॉल्ट लेकमधे, एका दुमजली घराचा वरचा मजला. खाली घरमालक, रिटायर्ड इंजिनिअर आणि त्यांची बायको, दोघंही सत्तरीच्या पुढचे. मुलगी बाळंतपणानंतर आठ महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी आली आहे. मी "काका" म्हटलं तर ते म्हणाले मेशोमोशाई म्हण, आणि हिला माशीमा. माशी म्हणजे मावशी आणि मेशो म्हणजे मावशीचा नवरा, हे कळल्यावर मला एकदम बरं वाटलं, परक्या गावात पहिल्या दिवशी मावशी मिळाली.

घराबद्दल सांगायचं तर ब्रोकरनं फोनवर "फुल्ली फर्निश्ड" सांगितलं होतं. पलंग होता, लोखंडी कपाट होतं, टेबल होतं, फ्रिज होता. गॅस नव्हता. ओट्यावर एक इंडक्शनची शेगडी आणि बाजूला एक पातेलं. ब्रोकरला फोन केला तर म्हणे आजकाल सगळे इंडक्शनच वापरतात. मेशोमोशाईंना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांचा चेहराच पडला, म्हणून मी तिथेच विषय थांबवला. बाकी घर छान आहे, मोझेकची फरशी, दोन बाजूंनी खिडक्या आणि पुढे जाळी लावलेला व्हरांडा, समोर छातीमचं झाड, म्हणजे आपली सप्तपर्णी.

रात्री झोपायला गेलो तर मेशोमोशाई जिना चढून वर आले, हातात मच्छरदाणी. खोलीच्या चार भिंतींना चार खिळे ठोकलेले होते ते मी पाहिले होते पण कशाचे ते लक्षात आलं नव्हतं. त्यांनी एकेका कोपऱ्याची दोरी खिळ्याला अडकवली, मग खालची कड गादीखाली आत आत दाबत पलंगाला पूर्ण फेरी मारली आणि शेवटी मला आत शिरायला एवढीच फट ठेवली. म्हणाले, इथे गल्लीत डेंग्यू आहे, एक रात्रही मोशारीशिवाय झोपायचं नाही. आपल्याकडे नागपुरात कूलरच्या पाण्यावरून डेंग्यूची भीती असतेच पण मच्छरदाणी लहानपणानंतर पहिल्यांदाच. आत पडल्यावर पंखा धूसर दिसतो आणि बाहेरचे आवाज एक पापुद्रा लावल्यासारखे येतात. झोप चांगली लागली.

रविवार

बॅगा रिकाम्या करून पलंगाखाली सरकवल्या. मांजराचं चित्र फ्रिजवर लावलं.

मग स्वयंपाक. जर्मनची कढई ठेवली तर शेगडी टीं टीं करून बंद. इंडक्शनला चुंबक चिकटेल असंच भांडं लागतं, जर्मनला चुंबक चिकटत नाही, ही गोष्ट मला वाचून माहीत होती पण बॅग भरताना आठवली नाही. तवा लोखंडी, तो चालेल वाटलं, पण आपला भाकरीचा तवा मधे खोलगट असतो, त्याचा बुडाचा एवढासाच भाग काचेला टेकतो, मग मधे जळतं आणि कडा थंड. भाकर थापली छान, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग खरी पंचाईत, कारण दुसऱ्या बाजूनं भाजल्यावर ती आरावर टाकायची असते, आर कुठून आणणार? फडक्यानं दाबून बघितलं. मधे काळी, कडेला कच्ची, फुगायचं नाव नाही. पहिल्या बिऱ्हाडाची पहिली भाकर म्हणून मी ती चटणीशी खाल्ली.

दुपारी ब्लॉकच्या बाजारात गेलो. सॉल्ट लेकची रचना अशी आहे की प्रत्येक ब्लॉकला दोन इंग्रजी अक्षरांचं नाव, एई, बीडी असं, त्याचं स्वतःचं मैदान, जवळ बाजार, आणि मोठमोठ्या पाण्याच्या टाक्यांना नंबर, पत्ता सांगताना लोक "चार नंबर टँक" असं सांगतात. रस्ते सगळे सारखे दिसतात, मी जाताना एका वळणाला चुकलो आणि येताना दोन वळणांना. बाजारातून सपाट बुडाचं स्टीलचं भांडं, एक तवा, मसूर डाळ, सरसूचं तेल (शेंगदाण्याचं मिळालं पण महाग), गोबिंदभोग तांदूळ पाव किलो फक्त चवीला. भाजीवाल्याकडे वांगी इतकी सुरेख होती की भरताची दोन घेतली. फळवाल्याकडे संत्री! तो म्हणाला दार्जिलिंगचं कमलालेबू अजून यायचंय, हे "नागपूर". मी म्हटलं मी पण नागपूर. त्यानं एक संत्रं हातावर ठेवलं, पैसे घेईना. आपला आंबिया बहार हजार किलोमीटरवर भेटला.

सोमवार

ऑफिसचा पहिला दिवस, सेक्टर फाइव्हमधे आमची बसायची जागा आणि तिथून हॉस्पिटलला जाणं-येणं. कामाचं इथे लिहीत नाही. सांगायची गोष्ट वेगळीच आहे, पाच वाजायच्या आत सूर्य बुडाला! मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेलो, मला वाटलं ढग आले. नंतर हिशेब केला, नागपूर ७९ रेखांशावर, कोलकाता ८८ च्या थोडं पुढे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे साधारण ३७ मिनिटांचा फरक, आणि घड्याळ मात्र दोघांचं एकच. सकाळी तसंच, सहाच्या आत लख्ख उजेड. पहिले तीन दिवस माझं शरीर गोंधळलेलं होतं, संध्याकाळी सहालाच जेवायची वेळ झाल्यासारखं वाटायचं आणि घरी फोन केला की तिकडे लेक अजून खेळून परत येत असायची.

मंगळवार

घरकामाला बाई मिळाली, माशीमांकडे येतात त्याच. त्या कॅनिंगकडून पहाटेच्या लोकलनं येतात, चार घरं करून दुपारी परत. इथे कामवालीलाही माशीच म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसंच. त्यांना हिंदी थोडं येतं, मला बंगाली अजिबात नाही. जाताना म्हणाल्या, "काल आशबो ना." मी विचार केला काल नाही आल्या, बरोबर आहे, काल तर आपलं ठरलंच नव्हतं, आणि मान हलवली. बुधवारी साडेआठपर्यंत दार उघडं ठेवून बसलो. बंगालीत काल म्हणजे उद्याही असतो. हिंदीतलं कल मला जन्मापासून कळतं, पण शब्द कानावर "काल" असा पडला की डोकं मराठीतच राहतं.

बुधवार

संध्याकाळी वांगं भाजायचं होतं, तेही इंडक्शनवर भाजता येत नाही. शेवटी दोन वांगी आणि पिठाचा डबा घेऊन खाली गेलो आणि माशीमांना विचारलं की तुमचा गॅस थोडा वेळ वापरू का. त्या एवढ्या खूश झाल्या की मी आधीच का नाही आलो असं झालं. त्या जमिनीवर बसून भाजी चिरत होत्या, बोटीवर. बोटी म्हणजे आपली विळीच, पायाखाली पाट दाबून धरायचा आणि भाजी पात्यावर ढकलायची, फक्त हिचं पातं जास्त उंच आणि पुढे बाक आलेलं. मी म्हटलं माझी आई पण अशीच चिरते, आमच्या विळीच्या टोकाला नारळ खवायला दाते असतात. त्यांनी मला बसायला लावलं आणि कोहळ्याचा तुकडा दिला. मी चिरला. त्यांनी बघितलं, मग माझा अंगठा धरून थोडा मागे घेतला, पातं आपल्याकडे तोंड करून असतं म्हणून, आणि परत चिरायला लावला.

मग गॅसवर भाकर. पहिलीच टम्म फुगली. मेशोमोशाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पोळपाट-लाटणं नाही, पिठात चिकटपणा नाही, नुसत्या हातानं थापून एवढी गोल कशी होते हे त्यांना बघायचं होतं, मी सांगितलं, गरम पाण्यात पीठ मळायचं आणि तळव्याच्या कडेनं फिरवत न्यायचं, घाई केली की चीर पडते. भरीत त्यांच्याकडेही होतं, बेगुन पोडा म्हणतात, कच्चं सरसूचं तेल वरून घालतात. मी कांद्याची पात घातली, त्यांनी तेल घातलं. दोघंही तिखटानं घामाघूम झाले पण दोन-दोन भाकरी खाल्ल्या. वर ताजा गूळ दिला, नोलेन गूर, खजुराच्या रसाचा, थंडी सुरू झाली की येतो, हा सीझनचा पहिलाच. त्याला धुराचा किंचित वास असतो. मी इतका चांगला गूळ आजवर खाल्लेला नाही, आणि आमच्याकडे उसाचा गूळ काही वाईट नसतो.

रात्री वर आलो, मच्छरदाणी स्वतः बांधली, दिवा घालवला आणि खालून अंगाई ऐकू आली. माशीमा नातवाला झोपवत होत्या. आवाज थकलेला पण सुरात. शब्द कळत नव्हते, चाल मात्र फार गोड होती, मी कान देऊन ऐकत होतो आणि मधेच एक शब्द कळल्यासारखा वाटला. बोर्गी.

गुरुवार

भाडेकरूचा फॉर्म पोलिस ठाण्यात द्यायचा होता, आधारची कॉपी, दोन फोटो, कायमचा पत्ता. मेशोमोशाई सोबत आले. कायमच्या पत्त्यात मी लिहिलं, महाल, नागपूर.

परत येताना मी त्यांना अंगाईचं विचारलं. ते चालता चालता थांबले. मग रस्त्याकडेच्या दुकानात मातीच्या भांड्यातला चहा घेतला आणि त्यांनी सगळं सांगितलं. अंगाईचा अर्थ असा, बाळ झोपलं, गल्ली शांत झाली, देशात बर्गी आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता खाजना, म्हणजे सारा, कशातून द्यायचा. बर्गी म्हणजे बारगीर. आपल्या फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हे मला शाळेपासून माहीत. आणि हे बारगीर कुणाचे, तर आमच्याच रघुजी भोसल्यांचे. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरच्या फौजा बंगालवर येत राहिल्या, भास्करराम कोल्हटकर त्यांचा सेनापती, त्याला १७४४ मधे नवाब अलिवर्दी खानानं बोलणीला बोलावून मारलं, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत, १७५१ मधे तह होऊन वर्षाला बारा लाख चौथाई आणि ओडिशा मिळालं तेव्हा थांबल्या. आम्ही ज्याला चौथाई म्हणून शिकलो तिचा हिशेब इथे आजी नातवाला झोपवताना घालून राहिली आहे.

मला काय वाटलं ते नीट लिहायचा प्रयत्न करतो. मी महालात वाढलो. भोसल्यांच्या वाड्यासमोरून रोज शाळेत गेलो. २०२५ च्या ऑगस्टमधे रघुजीराजांची तलवार, लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं घेतलेली, मुंबईत परत आली तेव्हा आम्ही घरात सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून पाहिलं, माझ्या बाबांच्या डोळ्यात पाणी होतं. तो अभिमान माझा आहे, तो खोटा नव्हता. आणि ही अंगाईही खरी आहे. ज्या गावांची भातं जळाली, माणसं घरं टाकून पळाली, त्यांच्याकडे लिहिण्यासारखं फारसं काही उरलं नसेल, हे गाणं उरलं. आम्हाला शाळेत मोहिमेचा नकाशा दाखवला होता, बाण नागपूरहून निघून बंगालपर्यंत गेलेला. त्या बाणाखाली कोण राहत होतं हे मला चाळिसाव्या वर्षी चहाच्या दुकानात कळलं.

मेशोमोशाईंनी लगेच दुसरी गोष्टही सांगितली, ते तसेच आहेत, कुणाला अवघडलेलं ठेवत नाहीत. म्हणाले, याच बंगालमधे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी उत्सव व्हायचा, सखाराम गणेश देऊस्कर म्हणून मराठी घरातला माणूस होता, बंगालीत लिहायचा, त्यानं त्यासाठी खूप केलं, आणि रवींद्रनाथांनी १९०४ मधे शिवाजी महाराजांवर कविता लिहिली. "आमच्याकडे तुम्ही दोन्ही आहात," एवढंच म्हणाले आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.

शुक्रवार, शनिवार

काम खूप. शुक्रवारी हॉस्पिटलच्या तीन काउंटरवर नवीन बिल छापून बघितलं, दोनवर चाललं. घरी यायला साडेनऊ. ऑटोनं येतो, इथे ऑटो ठरलेल्या रूटवर शेअरमधेच चालतात, चौघं बसले की निघायचं, आणि सुट्टे पैसे नसले तर ड्रायव्हर फार नाराज होतात, "खुचरो" हा मी शिकलेला तिसरा का चौथा बंगाली शब्द. आता दहा-दहाच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवतो.

एक गोष्ट लक्षात आली. गुरुवारी रात्री अंगाई वेगळी होती. शुक्रवारीही. शनिवारी बाळ बराच वेळ रडत होतं, माशीमा दुसरंच काही म्हणत होत्या, ते त्याला चालत नव्हतं. म्हणजे मेशोमोशाईंनी त्यांना सांगितलं असणार की वरचा पोरगा कुठल्या गावचा आहे.

रविवार, दुसरा आठवडा

सकाळी मेट्रोनं एस्प्लनेड, तिथून गाडी बदलून श्यामबाजार, आणि पुढे पायी बागबाजार. जुनं कलकत्ता. हिरव्या खडखड्यांच्या खिडक्या, घरांना बाहेर ओटे (इथे त्यांना रोआक म्हणतात), ओट्यावर पेपर वाचणारी म्हातारी माणसं, अगदी आमच्या महालातल्यासारखी. मला मराठा डिच लेन बघायची होती. १७४२ मधे बर्गींच्या भीतीनं इथल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, सात मैल खणायचा बेत होता, तीनेक मैल झाला, फौज कलकत्त्यापर्यंत आलीच नाही म्हणून काम अर्धवट राहिलं. पुढे १७९९ मधे त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड नेला. आता खंदकाचं काही दिसत नाही, नाव मात्र या एका गल्लीला राहिलं आहे. मी तिथे उभा होतो, एक लहान मुलगी दोरीच्या उड्या मारत होती, एका घरातून मासे तळल्याचा वास येत होता. मी गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू चाललो आणि परत आलो. फोटो काढला नाही.

मग रसगुल्ले घेतले, कारण बागबाजारच्या नोबिनचंद्र दासांनीच १८६८ मधे बंगाली रसगुल्ला पहिल्यांदा केला असं मानतात, आणि त्या गल्लीत जाऊन ते न घेता कसं यायचं. मडक्यात घेतले, वीस. मडकं मांडीवर धरून मेट्रोत बसलो.

संध्याकाळी मडकं घेऊन खाली गेलो. बाळ माशीमांच्या मांडीवर, झोपेला आलेलं पण किरकिर चालू. मी म्हटलं, माशीमा, ते बर्गीचं गाणं म्हणा ना. त्या गडबडल्या. "ए तो छोडा," म्हणाल्या, म्हणजे हे नुसतं बडबडगीत, लहान मुलांचं, मनाला लावून घेऊ नकोस. मी सांगितलं की मला ऐकायचंय, मनापासून, आणि माझ्या लेकीलाही ऐकवायचंय. मेशोमोशाई काही बोलले नाहीत, त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

मी घरी व्हिडिओ कॉल लावला. लेक जेवून नुकतीच अंथरुणात आली होती. फोन मी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. माशीमांनी बाळाच्या पाठीवर थापटत सुरुवात केली, पहिल्यांदा जरा लाजत, मग नेहमीच्या आवाजात. बाळानं त्यांचा पदर मुठीत धरला होता, ती मूठ हळूहळू सैल होत गेली. लेक तिकडे डोळे मोठे करून ऐकून राहिली होती. मी तिला अर्थ सांगितला, बर्गी म्हणजे आपल्या इथले घोडेस्वार हेही सांगितलं, ते लोकांचं धान न्यायचे हेही सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या लोकांनी काय केलं?"

मी माशीमांना विचारलं. त्या म्हणाल्या, पुढे आहे की. आणि पुढचं म्हणून दाखवलं, मेशोमोशाईंनी मला हिंदीत सांगितलं, मी लेकीला मराठीत. धान संपलं, विड्याची पानं संपली, खाजना द्यायला आता काही उरलं नाही, थोडे दिवस दम धरा, आम्ही लसूण पेरलाय.

"लसूण?" लेक म्हणाली. "मग उगवला का?"

माशीमांनी बाळाला खाटेवर ठेवलं, त्याच्यावरून छोटी मच्छरदाणी ओढली आणि मान हलवली. गाणं तिथंच संपतं.